हातचा एक

१

माझं काम मोजायचं. सकाळी नऊ माणसं आत जातात, संध्याकाळी सहाला नऊ माणसं बाहेर येतात, मग मी दाराला बाहेरून अडसर घालतो. एवढ्यासाठी तुम्हाला पगार देतात का, असं बायको अधूनमधून विचारते. देतात. वेळेवर देतात.

आत म्हणजे शीतगृहात. गोठवलेले मटार, मक्याचे दाणे आणि मासे यांची खोकी तिथं छतापर्यंत रचलेली असतात आणि काटा कायम उणे अठरावर असतो. दाराबाहेर एक छोटी खोली आहे. तिच्यात एक हीटर, एक लांब बाक, माझं टेबल, टेबलावर पाटी-पेन्सिल आणि भिंतीवर दहा खुंट्या. पाऊण तास आत काम केलं की पंधरा मिनिटं बाहेर येऊन हातपाय शेकायचे, असा नियम आहे. नियम माणसांच्या काळजीपोटी केलाय की खोकी पडू नयेत म्हणून, ते मला ठाऊक नाही.

माणसं बाहेर येतात तेव्हा अंगात जाड निळं जाकीट, टोपी भुवयांपर्यंत, तोंडावर फडकं. दिसतात ते फक्त डोळे, आणि त्यांच्या पाठोपाठ दारातून धुकं बाहेर येतं. कोण कोण आलं ते कळत नाही, किती आले ते कळतं. मी पाटीवर चार उभ्या रेघा मारतो, पाचवी आडवी, पुन्हा चार. नऊ झाले की सुटलो.

खुंट्या दहा, कारण जाकिटं दहा आली होती. त्यातलं एक इतकं आखूड निघालं की ते पैलवानालाही होईना. पैलवान म्हणजे आमच्यातला सगळ्यात काटकुळा. ते जाकीट परत पाठवायचं राहून गेलं आणि दहाव्या खुंटीवर लटकत राहिलं. घडी मोडली नव्हती त्याची.

मला सगळे मास्तर म्हणतात. शिकवत मी कुणालाच नाही. पाटी-पेन्सिल घेऊन बसतो म्हणून मास्तर.

२

याला सुरुवात काड्यापेटीनं झाली.

आत मोबाइल नेला की गारठ्यानं त्याचा जीव जातो, म्हणून सगळ्यांचे मोबाइल सकाळीच फाटकावर जमा होतात. मग त्या पंधरा मिनिटांत माणसांनी एकमेकांकडे तरी किती बघायचं? एके दिवशी पैलवानानं बाकावर एकवीस काड्या मांडल्या. दोघांनी खेळायचं, आळीपाळीनं एक, दोन किंवा तीन काड्या उचलायच्या, शेवटची काडी ज्याच्या वाट्याला येईल तो हरला.

"मास्तर, या बसा. हरवून दाखवा," तो म्हणाला.

मी अकराव्या वर्षानंतर असल्या खेळाला हात लावला नव्हता. वर्तमानपत्रात कोडं दिसलं तर पान उलटायचो. पण त्या दिवशी का कोण जाणे, खुर्ची ओढून बसलो. "तू आधी उचल," म्हणालो. त्यानं एक उचलली, मी तीन. त्यानं दोन, मी दोन. दोघांच्या मिळून दर वेळी चार झाल्या पाहिजेत, एवढीच खुबी. पाच डाव झाले, पाचही वेळा शेवटची काडी त्याच्यापुढे राहिली.

"काहीतरी काळंबेरं आहे यात," पैलवान म्हणाला.

"वय आहे यात," आजोबा म्हणाले. आजोबा म्हणजे आमच्यातले सगळ्यात थोरले. पुढच्या महिन्यात निवृत्त व्हायचे होते. एका कानानं ऐकू येत नसे आणि दुसऱ्याला हवं तेवढंच ऐकू येई.

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. चाळीस वर्षं बंद असलेली खोली उघडावी आणि सगळं जागच्या जागी सापडावं, तसं झालं. दुसऱ्या दिवशी मी नऊ घरांचा चौकोन आखला, एक ते नऊ आकडे असे भरून दाखवले की आडवी, उभी, तिरपी बेरीज पंधराच. माणसं सुटीची वाट बघू लागली. मीही बघू लागलो. घरी येताना मी शीळ घालत होतो हे बायकोनं सांगितलं तेव्हा मला कळलं. बरं वाटण्याचा मला काही अधिकार नाही, हेही त्याच क्षणी आठवलं. तरी मी थांबलो नाही.

तिसऱ्या दिवशी मी ते म्हणालो.

"मनात एक संख्या धरा. मी सांगेपर्यंत सोडायची नाही. धरली? आता तितकेच मित्राकडून घ्या. माझे दहा घ्या. झाले तेवढ्याचे निम्मे करा आणि निम्मे नदीत सोडा. मित्राचे मित्राला परत करा. किती उरले?"

माणसं बोटं मोजत, ओठ हलवत बसली होती. मी एक-दोन-तीन म्हटल्यावर सगळे एका सुरात म्हणाले, "पाच!" आणि एकमेकांकडे बघून हसायला लागले. कुणी कोणतीही संख्या धरली तरी पाचच उरतात, कारण माझ्या दहाचे निम्मे पाच. धरलेली संख्या कोणती होती हे विचारायची गरजच पडत नाही.

हसणं ओसरल्यावर आणखी कुणीतरी काहीतरी म्हणालं. बारीक आवाजात, एकच अक्षर असावं. पाच नव्हतं ते.

"कोण राहिलं रे?" मी विचारलं.

कुणीच राहिलं नव्हतं.

३

त्या संध्याकाळी पाटीवर दहा रेघा झाल्या.

मी म्हटलं, चुकली एखादी. जाकिटं मोजली. नऊ खुंट्यांवर नऊ आणि दहावं ते आखूड. माणसं चपला घालून निघाली होती, तीही दाराशी पुन्हा मोजली. नऊ. अडसर घातला आणि टेबलाशी येतो न येतो तोच घंटा वाजली.

आत कुणी अडकलं तर दाबायचं बटण भिंतीला आहे, त्याची ही घंटा. अडकायची वेळ सहसा येत नाही, कारण दार आतून ढकलायलाही एक दांडा आहे. पण तो आठवड्यापासून बर्फ धरून घट्ट बसला होता आणि नवा मागवलेला अजून आला नव्हता. मी धावत जाऊन अडसर काढला. आत खोकी, धुकं, पिवळे दिवे. प्रत्येक रांगेतून फिरलो, हाका मारल्या. कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बटण उघडलं, तारा हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाला, "ओल धरलीय हिनं. वाजणारच. माणूस नसताना वाजली तर वाजू द्या, त्यात काय एवढं."

"आणि माणूस असताना?"

"तेव्हाही वाजेल की," तो म्हणाला आणि गेला.

त्या संध्याकाळी दहा. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही दहा. मी डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर तोच निघाला. आत जाताना नऊ, बाहेर येताना दहा, जाकिटं नऊ, दाराशी माणसं नऊ. आणि अडसर घातल्यावर लगेच घंटा.

चौथ्या दिवशी मी रेघा मारण्याऐवजी नुसतं बघत उभा राहिलो. एकामागून एक निळी जाकिटं धुक्यातून आली. सातवा, आठवा. आठव्याच्या पाठीला जवळजवळ चिकटून एक जाकीट आलं, बाकीच्यांच्या छातीएवढं उंच. बाह्या हातांच्या खाली लोंबत होत्या. मग आजोबा आले, ते नेहमीच शेवटी येत. मी वळून बघेपर्यंत खोलीत सगळे टोप्या काढत होते आणि आखूड जाकीट दहाव्या खुंटीवर होतं.

मी जवळ जाऊन हात लावला. खांद्यावर बारीक बर्फ होता. हीटरच्या उबेनं तो विरघळला आणि एक थेंब खाली पडला.

४

आता सांगतोच. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

आमच्या गल्लीत आम्ही सात जण खेळायचो. माझी धाकटी बहीण आठवी. मी अकराचा, ती सहाची. तिला पळता यायचं नाही, लपली की हसू आवरायचं नाही. बाकीचे तिला कच्चं लिंबू म्हणायचे, म्हणजे खेळात आहे पण धरायची नाही. मी गणितात हुशार, शेखी मिरवणारा. मी तिला हातचा म्हणायचो. किती जण आलात, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "सात आणि हातचा एक." सगळे हसायचे. तीही हसायची.

वार्षिक परीक्षा संपली त्या दिवशी शाळेच्या शिपाईकाकांनी आम्हाला जुन्या सभागृहात खेळू दिलं. मोडकी बाकं रचलेली होती तिथं, लपायला झकास जागा. "पाचला कुलूप लावणार," ते म्हणाले. "किती जण आहात?"

"सात," मी म्हणालो.

ती माझ्या पाठीमागे लपून माझी बाही ओढत होती. "दादा, मला पण मोज ना." दुपारभर तिचं हेच चाललं होतं. शेवटी वैतागून मी तिला बाकांच्या ढिगामागे नेलं, एका उलट्या बाकाखाली बसवलं आणि म्हणालो, "मनात एक संख्या धर. मी सांगेपर्यंत सोडायची नाही. हलायचं नाही, बोलायचं नाही. मग तुला मोजीन."

तिनं डोळे गच्च मिटले. धरली, म्हणाली.

नंतर आमचं भांडण झालं, कोण आऊट यावरून, आणि सगळे रागारागानं बाहेर पळालो. दारात शिपाईकाकांनी विचारलं, "आले का रे सगळे?" मी वळून मोजलं. सात. खेळाच्या नियमानं बरोबर होतं ते. बेरीज करताना हातचा विसरतोस, म्हणून बाई माझे मार्क कापायच्या, तशीच ती चूक.

संध्याकाळी शोधाशोध सुरू झाली. बाबांनी विचारलं, "तुमच्यात होती का ती?" मी म्हणालो, "नाही. आम्ही सात जण होतो." माझं ऐकून बाकीच्यांनीही सातच सांगितलं. शिपाईकाका म्हणाले, सात गेले, सात आले, मी स्वतः विचारून घेतलं. म्हणून ते दार कुणी उघडलं नाही. पहिल्या रात्री मी माराच्या भीतीनं गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी, काल का नाही सांगितलंस असं विचारतील म्हणून गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी दार उघडलं, मी सांगितलं म्हणून नव्हे. तोवर उशीर झाला होता.

सभागृहाची खिडकी रस्त्यावर होती. खाली दिवसभर भाजीवाल्या बसायच्या. एवढीशी हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. ती ओरडली कशी नाही, याचं सगळ्यांना वर्षानुवर्षं कोडं पडलं. त्याचं उत्तर फक्त मला माहीत आहे.

५

आई आमच्याकडेच असते. ऐंशी उलटली, पण हाताला काम लागतं. त्या रविवारी ती मटार सोलत होती. मी तिच्यासमोर बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होतो. आता पान उलटवत नसे मी.

"पुन्हा लागलास वाटतं कोड्यांच्या नादी," ती म्हणाली.

"कामावर वेळ जात नाही गं."

"लहानपणी घालायचास. तिला पण घालायचास." तिच्या तोंडून 'ती' हा शब्द कित्येक वर्षांत निघाला नव्हता. "ती मला एकदा म्हणाली, आई, दादा मला हातचा म्हणतो. म्हणजे मी त्याच्या हातात असते ना? मी म्हटलं, हो."

मी पेन्सिलीला टोक करायला लागलो.

"त्या दिवशी तिला खेळायला घेतलं होतंस का रे?"

तिनं मान वर केली नव्हती. शेंग फोडली, दाणे वाटीत पाडले. चाळीस वर्षांत तिनं हे एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं ठेवून दिलं होतं, असं वाटलं मला. सांगून टाकावं, आता कोण मारणार आहे? जीभ उचलली होती मी.

"नाही गं. आम्ही सात जण होतो."

"हं," आई म्हणाली. "तू तसंच म्हणाला होतास."

मग तिनं वाटी माझ्याकडे सरकवली, जरा बघ किती झाले म्हणून. मला ते मोजवेनात. पुरेत, म्हणालो.

६

माणसाला सगळ्याची सवय होते, हे मी ऐकून होतो. पाप केलं की त्याचीही होते.

दुसऱ्या आठवड्यापासून मी दहातून एक वजा करू लागलो. दहा बाहेर आले की मनात म्हणायचं, हातचा एक, आणि पाटीवर नऊ मांडायचे. दाराशी पुन्हा मोजणं सोडलं, जाकिटं मोजणंही सोडलं. कशाला मोजायची? मला माहीत होतं ना. त्या दहाव्या खुंटीकडे मी पाठ करून बसायचो. पण पाठीमागे थेंब पडायचा तो ऐकू यायचा. पहिला, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. मी खुर्ची आणखी पुढे ओढायचो.

सुटीतली कोडी मात्र मी बंद केली नाहीत. 'मनात संख्या धरा' तेवढं पुन्हा म्हटलं नाही. माणसं मागायची. आजोबांना तर ते फारच आवडलं होतं. घरी जाऊन त्यांनी नातीला घातलं, तिलाही पाच आले, म्हणून त्यांनी मला पेरू आणून दिला.

राहिली होती घंटा. रोज अडसर घातला की ती वाजायची. जोरात नाही, लांबूनही नाही. बोट दाबून धरावं तशी, एकसारखी, आणि मग धीर सुटल्यासारखी थांबायची. पहिले काही दिवस मी उघडून बघितलं. मग न उघडता नुसता दाराशी उभा राहिलो. मग टेबलावरूनच ऐकलं. एका गुरुवारी मला ते असह्य झालं. मी स्टुलावर चढलो, टेबल पुसायचं फडकं चौघडी करून घंटेची वाटी आणि तिच्यावर आपटणारी हातोडी यांच्यामध्ये कोंबलं.

संध्याकाळी फडकं थरथरलं. आवाज आला नाही.

मी स्टूल बाकाखाली सरकवलं. दुसऱ्यांदा गप्प केलं तिला, असं मनात आलं. ते मी बाजूला सारलं. ओल धरलेल्या तारेला गप्प केलं, एवढंच, असं स्वतःला समजावलं आणि घरी गेलो.

७

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी सहाला माणसं बाहेर आली. मी रेघा मारत होतो. चार आणि आडवी, पुन्हा चार. दहाव्या रेघेसाठी पेन्सिल टेकवून थांबलो. दारातून नुसतं धुकं येत राहिलं.

नऊ.

मी जरा वेळ थांबलो. कुणी आलं नाही. मग माझ्या अंगातून काहीतरी उतरून गेलं. ती गेली. कशी, का, ते मला नको होतं. आज वजा करायची गरज नाही, नऊ म्हणजे नऊच. मी अडसर घातला. माणसं टोप्या काढून, गप्पा मारत निघून गेली. पैलवान जाता जाता म्हणाला, "मास्तर, आज खुशीत दिसताय." मी त्याला काड्यापेटी फेकून मारली, त्यानं ती झेलून परत टाकली.

मी लगेच घरी गेलो नाही. कितीतरी दिवसांनी ती खोली मला नुसती खोली वाटत होती. हीटर चालू ठेवला, एकवीस काड्या मांडल्या आणि स्वतःशीच खेळायला बसलो. एका हातानं एक, दुसऱ्या हातानं तीन. वर फडकं थरथरत होतं की नाही, मी बघितलं नाही. घंटा वाजत नाही एवढं मला पुरे होतं. चाळीसेक मिनिटं तरी गेली असतील.

मग पाठीमागे थेंब पडला.

मी वळलो. दहाव्या खुंटीवरचं आखूड जाकीट भिजून काळपट झालं होतं. खाली डबकं साचलं होतं, हाताच्या पंजाएवढं. आणि नऊ खुंट्यांपैकी एक रिकामी होती. शेवटची. आजोबांची.

बाहेर नऊच आले होते. हातचा धरून.

८

अडसर माझ्या हातून दोनदा सटकला. दार उघडलं तसं धुकं कमरेपर्यंत आलं. मी आजोबांना हाका मारत रांगांमधून धावलो. ते अगदी मागच्या भिंतीशी होते, मटाराच्या दोन खोक्यांमध्ये, गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. डोळे गच्च मिटलेले. मला वाटलं, संपलं.

मी खांदा हलवला. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण ओठ हलले.

"सोडू का आता?"

"काय सोडायचं?"

"संख्या."

मी त्यांना काखेत धरून ओढत बाहेर आणलं, हीटरसमोर बसवलं, माझा कोट त्यांच्यावर टाकला. हात चोळले. बोटं पांढरी पडली होती, पण वळत होती. थर्मासमधला चहा पाजला. थोडा छातीवर सांडला.

"मफलर राहिला होता मागं," ते म्हणाले. दात वाजत असल्यानं शब्द तुटत होते. "आणायला वळलो तर दार लागलं. घंटा दोनदा दाबली मी. दांडा हलेना. मग ओरडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात."

"मी काय म्हणालो?"

"मनात एक संख्या धर. हलायचं नाही, बोलायचं नाही, मी सांगेपर्यंत." त्यांनी माझ्याकडे जरा चमकून बघितलं. "तुम्हीच ना? अगदी जवळून म्हणालात, चांगल्या कानाशी. जरा लहान मुलासारखा लागला आवाज, पण तुमचाच. मी म्हटलं, मास्तर बोलले म्हणजे येतीलच. म्हणून बसून राहिलो. आणखी कुणीतरी बसलं होतं बाजूला. मला वाटलं, पैलवान."

त्यांची नजर वर गेली, घंटेतल्या फडक्यावर थांबली आणि मग खाली माझ्याकडे आली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी उठून दाराशी गेलो. दिव्यांखाली धुकं हळूहळू सरकत होतं. मागच्या भिंतीपर्यंत दिसत नव्हतं. तिथं काही नाही, हे मला माहीत होतं. मी आत्ताच तिथून आलो होतो. तरी उंबऱ्यावर उभा राहून मी म्हणालो, "सोड."

काही झालं नाही.

मग लक्षात आलं. मी तिला धर एवढंच म्हटलं होतं. पुढचं सांगितलंच नव्हतं. ते सांगितल्याशिवाय ती सोडणार कशी? नियम म्हणजे नियम, मीच शिकवलेला.

"तितकेच मित्राकडून घे," मी म्हणालो. "माझे दहा घे. निम्मे नदीत सोड. मित्राचे मित्राला परत कर." थांबलो. बोटं मोजायला वेळ लागतो तिला. "किती उरले?"

पाच यायला हवं होतं. धरलेली संख्या कोणतीही असो, पाचच येतात.

खोक्यांच्या मागून, धुक्यातून, बारीक आवाज आला.

"मी उरले."

आजोबांनी मान वळवली. "कोण बोललं?" त्यांनी विचारलं. ज्यांना अर्धंच ऐकू येतं, त्या आजोबांनी.

मी टेबलावरून पाटी उचलली. नऊ रेघांच्या शेजारी दहावी मारली, जपून, पेन्सिल मोडू नये म्हणून. मग मोठ्यानं म्हणालो, चाळीस वर्षांपूर्वी सभागृहाच्या दारात म्हणायला हवं होतं ते. "आठ. आम्ही आठ जण होतो. मी तुला मोजलं नाही." आणि उजवा हात दारातून आत धरला, जमिनीपासून फारसा उंच नाही, सहा वर्षांच्या मुलीला पोचेल एवढा.

भिंतीवरचा काटा उणे पंधरावर आला होता. मग चौदा. मटार, मासे, सगळं भिजणार होतं, आणि उद्या मला त्याचा जाब द्यावा लागणार होता. फडक्याचाही द्यावा लागणार होता. घरी आईलाही. ते सगळं मी देणार होतो. हाताची बोटं बधिर होत गेली, आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. बधिर बोटांना काय लागलं ते नक्की सांगता येत नाही. बाहीचं टोक असावं, ओलं.

"मास्तर," आजोबा मागून म्हणाले, "दार लावा की आता."

"थांबा थोडं," मी म्हणालो. "अजून एक जण यायची आहे."